जुन्या फोटोतली अनोळखी कन्सेप्ट कार कशी ओळखावी

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडीतली जुनी घरे पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली, तशी माळ्यावरची खोकीही खाली येऊ लागली. वागळे इस्टेटमधल्या किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून प्रशिक्षणासाठी जर्मनी-इटलीला जाऊन आलेले अभियंते, मर्चंट नेव्हीत उमेदीची वर्षे घालवून नंतर वाशी-नेरूळला स्थायिक झालेले काका, अशांच्या अल्बममध्ये आयफेल टॉवर आणि स्वित्झर्लंडचा बर्फ यांच्या अधेमधे एखादा फोटो असा निघतो, की तो पाहून घरातले सगळे बुचकळ्यात पडतात. फिरत्या चौथऱ्यावर जेमतेम कमरेइतकी उंच, पाचरीसारखी निमुळती मोटार, भोवती दोरी, दोरीपलीकडे कोट घातलेली माणसे, आणि फोटोमागे फक्त ‘मोटार शो’ एवढीच नोंद. त्या मोटारीचे नाव, साल आणि कर्ता कसा शोधायचा, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे.

कन्सेप्ट कार म्हणजे विक्रीसाठी नव्हे, तर प्रदर्शनात मांडून लोकांचा कल पाहण्यासाठी, नवी कल्पना आजमावण्यासाठी किंवा निव्वळ कंपनीची ऐट मिरवण्यासाठी बांधलेली मोटार. हार्ली अर्ल यांच्या देखरेखीखाली जनरल मोटर्सने १९३८ साली तयार केलेली ब्यूक वाय-जॉब ही या प्रकारातली पहिली मानली जाते. अशा मोटारी बहुधा एकेकच बांधल्या जात. प्रदर्शन संपल्यावर काही मोडीत निघाल्या, काहींचा रंग बदलला, काहींचे नाव बदलले, आणि काहींच्या अंगावरचा पत्रा उतरवून त्याच सांगाड्यावर दुसरी मोटार उभी राहिली. क्रायस्लरसाठी इटलीतल्या गिया या कारखान्याने बांधलेली नॉर्समन तर अमेरिकेत पोहोचलीच नाही. जुलै १९५६ मध्ये ‘आंद्रेआ दोरिया’ जहाज बुडाले, त्याबरोबर तीही अटलांटिकच्या तळाशी गेली.

माझे मत असे, की या कामात सर्वांत जास्त फसवतो तो मोटारीचा आकार. एका दशकातले सगळे आघाडीचे रचनाकार एकमेकांकडे बघूनच रेषा ओढत होते, त्यामुळे १९७० च्या आसपासची पाचरीसारखी मोटार पाहून ‘ही अमुकच’ असे म्हणणे म्हणजे पाठमोऱ्या माणसाला हाक मारण्यासारखे आहे. खरी माहिती देतात ते दाराचे हँडल, मागचा दिवा, चाकाचे नट, नंबरप्लेट आणि प्रदर्शनाच्या जागेचे छत. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर बेतलेल्या आहेत.

फोटो हातात घेताना

आपल्याकडच्या पावसाळ्यात अल्बमच्या चिकट पानांना फोटो असे धरून बसतात, की ओढून काढल्यास चेहरे आणि मडगार्ड दोन्ही पानावरच राहतात. फोटो सहज सुटत नसेल, तर अख्खे पान तसेच स्कॅन करावे. बुरशीचे डाग ओल्या फडक्याने पुसू नयेत, कारण ओलाव्याने फोटोवरचा चित्राचा थरच सुटतो. मऊ कोरडा ब्रश पुरेसा असतो. कागदी फोटो ६०० डीपीआयला आणि ३५ मिलिमीटरची स्लाइड किंवा निगेटिव्ह किमान २४०० डीपीआयला स्कॅन करून टिफ फाइल ठेवावी. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या प्रतीवर हा अभ्यास करण्यात अर्थ नाही, कारण आपल्याला हवी असलेली अक्षरे नेमकी त्या दाबलेल्या प्रतीतच पुसली गेलेली असतात.

स्कॅन करण्याआधी फोटो उलटून पाहावा. स्टुडिओचा शिक्का, वृत्तसंस्थेची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक, कागदाच्या कंपनीचे नाव, यांपैकी काहीही उपयोगी पडते. अमेरिकेत धुतलेल्या अनेक कोडॅक फोटोंच्या पांढऱ्या कडेवर महिना आणि साल छापलेले असते, तसेच ते स्लाइडच्या पुठ्ठ्यावरही आढळते. मात्र ती तारीख फिल्म धुतल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. अर्धे रोल कॅमेऱ्यात सहा-सहा महिने पडून राहण्याचा तो काळ होता, हे ध्यानात ठेवावे.

मग भिंगाखाली बघावे. चित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीचे दिसले, तर तो फोटो नसून मासिकातले किंवा कॅलेंडरवरचे कापलेले चित्र आहे. तसे असेल तर काका प्रदर्शनाला गेले होते की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवून छापील मजकुराचा माग काढावा. पानाच्या मागच्या बाजूच्या अर्धवट जाहिरातीवरूनही भाषा आणि काळ समजतो.

शेवटची प्राथमिक तपासणी म्हणजे चित्र उलटे तर छापलेले नाही ना, हे पाहणे. निगेटिव्ह उलटी लागली, की डावीकडचे स्टिअरिंग उजवीकडे जाते. पाट्यांवरची अक्षरे, पुरुषांच्या कोटाची बटणे आणि हातातली घड्याळे पाहून हे ठरवता येते. केवळ स्टिअरिंगवर विसंबू नये, कारण लान्चासारखी इटालियन कंपनी १९५० च्या दशकातही उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या मोटारी बांधत होती.

ही कन्सेप्ट कारच आहे का

ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो आणि पुष्कळ शोध इथेच भरकटतात. विचित्र दिसणारी प्रत्येक मोटार कन्सेप्ट कार नसते. एखाद्या श्रीमंत गिऱ्हाइकासाठी बांधलेली एकुलती एक बॉडी, कारखान्याच्या चाचणीचा नमुना, हौशी कारागिराने कापून-जोडून केलेली ‘कस्टम’, फायबरच्या बॉडीची किट कार, सिनेमासाठी सजवलेली गाडी, असे कितीतरी भिडू त्यात मिसळलेले असतात. शिवाय ते एका गटातून दुसऱ्या गटात जातातही. डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी डॉजच्या ए-१०० पिकअपवर घडवलेली ‘देओरा’ ही कस्टम गाडी डॉजनेच आपल्या प्रदर्शनांत मांडली आणि १९६८ च्या पहिल्या सोळा हॉट व्हील्स खेळण्यांत ती जाऊन बसली. उलट लिंकन फ्युचुरा ही १९५५ ची अस्सल कन्सेप्ट कार. ती मूळची मोत्यासारख्या पांढऱ्या रंगाची होती, पुढे एका चित्रपटासाठी लाल झाली आणि १९६६ मध्ये जॉर्ज बॅरिस यांनी तिचीच काळी बॅटमोबिल केली. म्हणजे तीन फोटोंत तीन मोटारी दिसल्या तरी सांगाडा एकच असतो.

फोटोत दिसते ती मोटार पूर्ण आकाराची आहे का, हेही तपासावे. अणुशक्तीवर चालणार म्हणून गाजलेली फोर्डची १९५८ ची न्यूक्लिऑन आणि १९६२ च्या सिअॅटलच्या जागतिक प्रदर्शनातली सहा चाकांची सिअॅटल-आइट, या दोन्ही मूळ आकाराच्या तीन-अष्टमांश मापाच्या प्रतिकृती होत्या. जवळ माणूस नसणे, काचेतून आतली आसने न दिसणे, टायरवरची नक्षी प्रमाणाबाहेर मोठी वाटणे आणि मोटारीचा जवळचा भाग स्पष्ट पण लांबचा भाग धूसर असणे, ही प्रतिकृतीची लक्षणे आहेत.

अलीकडे आणखी एक डोकेदुखी वाढली आहे. संगणकाने रचलेली ‘१९५० च्या दशकातली विस्मृत मोटार’ समाजमाध्यमांवर रोज फिरत असते. अशा चित्रात दाराची फट कुठेतरी सुरू होऊन हवेतच संपते, दोन चाकांच्या आऱ्यांची संख्या जुळत नाही, टायरवरची आणि पाटीवरची अक्षरे कोणत्याच लिपीतली नसतात, आणि मागच्या गर्दीतल्या माणसांची बोटे मोजवत नाहीत. हातात कागदी फोटो असेल तर ही शंका उरत नाही. पण चित्र फक्त पडद्यावरच पाहिलेले असेल, तर ते दहा वर्षांपूर्वी कुठे प्रसिद्ध झाले होते का, हे आधी शोधावे.

पार्श्वभूमीला भारतीय रस्ता दिसत असेल, तर वेगळ्या दिशेने विचार करावा. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता आणि कुर्ल्याला प्रीमियरने डॉज-प्लिमथ-डिसोटो जोडल्या. त्या गाड्यांवर स्थानिक कारागिरांनी संस्थानिकांसाठी आणि सिनेमावाल्यांसाठी केलेले पत्रेकाम पुष्कळ आहे. स्वदेशी नमुनेही होते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांची ‘मीरा’ ही छोटी मोटार १९४९ च्या सुमारास आकाराला येऊ लागली आणि पुढे कित्येक वर्षे तिच्या नव्या आवृत्त्या होत राहिल्या. केरळात १९६० च्या दशकात ‘अरविंद’ नावाची मोटार तयार झाली. अशा प्रयत्नांचा माग परदेशी माहितीसाठ्यांपेक्षा जुन्या मराठी नियतकालिकांत लागण्याचा संभव अधिक. त्यासाठी १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जागी आधी चौकशी करावी.

काळ कसा बांधायचा

इथे मोटारीकडे पाठ फिरवून तिच्या आजूबाजूला बघायचे असते. मागे उभी असलेली साधी, विक्रीतली गाडी ओळखता आली, की फोटो त्या गाडीच्या जन्मानंतरचाच आहे, हे पक्के होते. अशा दोन-तीन गाड्या सापडल्या, तर त्यांतली सर्वांत नवी ती खालची मर्यादा. वरची मर्यादा मिळणे कठीण असते, पण कपड्यांची धाटणी, फोटोच्या कागदाचा प्रकार आणि घरच्यांच्या पासपोर्टवरचे शिक्के मिळून ती साधारण ठरते. काकांच्या पासपोर्टवर फ्रँकफर्टचा शिक्का १९६९ चा असेल, तर अर्धे काम तिथेच झाले.

मोटारीवरच्या खुणाही काळ सांगतात, पण सावधपणे. दोन्ही बाजूंना वळलेली पुढची काच आणि मागचे पंख ही १९५० च्या दशकातली अमेरिकी खूण आहे. टायरवरचा रुंद पांढरा पट्टा १९६२ पासून अमेरिकेत अरुंद झाला. पुढे दोनाऐवजी चार दिवे १९५७-५८ पासून सर्रास दिसू लागले. अमेरिकेत बाजूचे छोटे दिवे १९६८ पासून सक्तीचे झाले. मात्र हे सगळे विक्रीच्या गाड्यांचे नियम झाले. कन्सेप्ट कार मुद्दाम काळाच्या पुढे असते, म्हणून तिच्यावर चार दिवे १९५४ मध्येही असू शकतात. या खुणांवरून ‘याच्या आधीचे’ असे म्हणता येते, ‘याच्या नंतरचे’ म्हणताना हात आखडता घ्यावा. कृष्णधवल फोटोवरून रंगाचा अंदाज बांधण्याच्या भानगडीत तर पडूच नये.

कर्त्याच्या नावाची पाटी हा काळाचा उत्तम पुरावा असतो. मोटारींच्या बॉडी आखणाऱ्या-बांधणाऱ्या एका इटालियन घराण्याच्या पाटीवर ‘पिनिन’ आणि ‘फारिना’ असे दोन शब्द सुटे लिहिलेले असतील, तर काम १९६१ पूर्वीचे, कारण त्या वर्षी इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने घराण्याचे नावच ‘पिनिनफारिना’ असे जोडून झाले आणि कंपनीनेही तसेच लिहायला घेतले. इटालडिझाइन या दुसऱ्या इटालियन रचना-कंपनीचे चिन्ह दिसले, तर १९६८ च्या आधीचा प्रश्नच नाही, कारण तो व्यवसायच त्या वर्षी सुरू झाला.

छत, जमीन आणि नंबरप्लेट

प्रदर्शनाची जागा ओळखणे हे वाटते तितके अवघड नाही, आणि मला तरी या कामातला हा भाग सर्वांत आवडतो. फोटोचा वरचा तिसरा हिस्सा मोठा करून बघावा. पांढऱ्या काँक्रीटच्या नागमोडी पट्ट्यांचे कमानदार छत, आणि प्रत्येक पट्टीत लहानलहान खिडक्यांतून झिरपणारा दिवसाचा उजेड, असे दिसले, तर ते तुरीनचे प्रदर्शन-भवन. पिएर लुईजी नेर्वी या अभियंत्याने ते १९४० च्या दशकाच्या अखेरीस बांधले. तुरीनचे मोटार प्रदर्शन १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत तिथे भरत असे आणि १९८४ पासून लिंगोत्तोच्या जुन्या फियाट कारखान्यात गेले. म्हणजे एका छतावरून शहर तर कळतेच, शिवाय साधारण तीस-पस्तीस वर्षांची चौकटही मिळते. जिनिव्हाचे प्रदर्शन १९८२ पासून पॅलेक्स्पोत गेले. टोकियोचे १९५९ पासून १९८७ पर्यंत हारुमीला भरले आणि १९८९ पासून माकुहारीला. लंडनचे अर्ल्स कोर्टमध्ये १९७६ पर्यंत होते आणि १९७८ मध्ये बर्मिंगहॅमला गेले. छताऐवजी रंगमंच, नर्तिका आणि फिरते चौथरे असा थाट असेल, तर जनरल मोटर्सच्या मोटोरामाचा विचार करावा. तो १९४९ ते १९६१ या काळात अमेरिकी शहरांतून भरत असे.

फोटो रस्त्यावरचा असेल, तर नंबरप्लेट बोलते. जुन्या इटालियन प्लेटवर सुरुवातीला ‘टीओ’ असेल तर तुरीन, ‘एमआय’ असेल तर मिलान, आणि ‘प्रोव्हा’ हा शब्द असेल तर ती चाचणीची तात्पुरती प्लेट. जर्मन प्लेटवर ‘एस’ म्हणजे स्टुटगार्ट, ‘एम’ म्हणजे म्युनिक, ‘बीबी’ म्हणजे मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेन कारखान्याचा बोब्लिंगेन जिल्हा, आणि ओपेलच्या जुन्या गाड्यांवर बहुधा ‘जीजी’ सापडते. जुन्या फ्रेंच प्लेटचे शेवटचे दोन आकडे विभाग सांगतात आणि ७५ म्हणजे पॅरिस. रोव्हरने तर १९५० साली टर्बाइनवर चालणाऱ्या आपल्या नमुन्याला ‘जेट १’ हाच नोंदणी क्रमांक घेतला होता.

प्लेटवरून गाडी कुठे फिरत होती हे कळते, कुठे बांधली हे नव्हे. प्लिमथ एक्सएनआर ही १९६० ची, एका बाजूलाच पंख असलेली तिरपागडी मोटार. व्हर्जिल एक्सनर यांनी ती अमेरिकेत आखली आणि गियाने तुरीनला बांधली. पुढे ती इराणच्या शहांच्या संग्रहात गेली, मग कुवेतला आणि त्यानंतर लेबनॉनला पोहोचली. आखातात नोकरी केलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या फोटोत ती कुवेतच्या रस्त्यावर उभी सापडली, तर ‘अरबी मोटार’ म्हणून तिचा शोध भलतीकडेच जाईल.

उसने घेतलेले भाग

कन्सेप्ट कार कितीही भविष्यातली दिसली, तरी बांधणाऱ्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही मोजकेच असत. दिव्याचा साचा, दाराचे कुलूप किंवा पुढची वळलेली काच एका गाडीसाठी नव्याने घडवणे परवडत नसे. म्हणून कारागीर विक्रीतल्या गाड्यांचे तयार भाग उचलून लावत. ही सवय विक्रीच्या महागड्या मोटारींतही होती. लॅम्बोर्गिनी मिउराचे पुढचे दिवे फियाट ८५० स्पायडरचे आहेत, आणि लोटस एस्प्रीच्या दाराला मॉरिस मरीनाचे हँडल आहे. कन्सेप्ट कारमध्ये हा प्रकार दुपटीने सापडतो.

मागच्या दिव्यापासून सुरुवात करावी. त्याची बाह्यरेषा, आतले लाल, नारिंगी आणि पांढरे भाग कसे विभागले आहेत, मधला स्क्रू कुठे आहे, हे कागदावर काढून घ्यावे. मग त्या देशातल्या त्या दशकातल्या साध्या गाड्यांचे मागचे फोटो पाहत जावे. दिवा जुळला, की मोटारीचे साल त्या साध्या गाडीच्या नंतरचे, आणि बहुधा देशही तोच.

याबाबत आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचा डोळा संगणकापेक्षा तीक्ष्ण असतो, असे मी ठामपणे म्हणेन. ज्यांनी चाळीस वर्षे फियाटची दारे उघडली-मिटली, त्यांना संपूर्ण मोटार नाही ओळखता आली तरी हँडल ओळखता येते. फोटो मोठा करून दाखवला, तर चष्मा कपाळावर सरकवून, ‘अहो, ही गाडी नाय म्हाईत, पण हे हँडल डुक्कर फियाटचं हाय,’ असे उत्तर येते, आणि ते उत्तर फार मोलाचे असते. कारण इटलीतल्या कारोझेरियांनी, म्हणजे बॉडी बांधणाऱ्या कारखान्यांनी, फियाट ११०० च्या, म्हणजे याच ‘डुक्कर फियाट’च्या, सांगाड्यावर अगणित बॉडी चढवल्या. आपण मुंबईच्या रस्त्यांवर पाहिलेले कितीतरी भाग त्या झगमगीत गाड्यांत लपलेले असतात. अशा चौकशीला मिस्त्रींच्या जेवणाच्या सुट्टीत जावे आणि संपूर्ण मोटारीचा फोटो शेवटी दाखवावा. आधी दाखवला, तर चर्चा आकारावर घसरते.

चाके दुसऱ्या क्रमांकावर. तारेच्या चाकाच्या मधल्या नटावर उघड्या पंजाचे चिन्ह असेल, तर ती मिलानच्या बोरानीची. तीनच नट दिसले, तर सिट्रोएन, रेनो किंवा प्यूजोच्या छोट्या गाडीचा सांगाडा असण्याची शक्यता वाढते. चाकाच्या मोठ्या घेरावर दूरदूर बसलेले पाच बोल्ट ही जुन्या फोक्सवॅगन बीटलची ओळख आहे, आणि तसे दिसल्यास बीटलच्या तळावर बसवलेली किट कार तर नाही ना, हे आधी तपासावे.

मोटार अगदी बाजूने टिपलेली असेल, तर मोजमापही करता येते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंतले अंतर, म्हणजे व्हीलबेस, पट्टीने मोजून त्याला टायरच्या उंचीने भागावे. बीटलचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर आणि टायरची उंची सुमारे ६६० मिलिमीटर, म्हणून गुणोत्तर साधारण ३.६ येते. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० आणि अॅम्बेसेडरचा २४६४ मिलिमीटर आहे. सोसायटीच्या आवारात त्यांतली एखादी अजून उभी असेल, तर आधी तिच्यावर हात बसवून घ्यावा. कॅमेरा थोडा जरी तिरका असला तरी आकडा चुकतो, म्हणून या गुणोत्तराने फक्त अशक्य पर्याय काढून टाकावेत.

एका सांगाड्याची सहा रूपे

वर सांगितलेले सगळे कसे वापरायचे, हे आल्फा रोमिओ ३३ च्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. आल्फाने आपल्या शर्यतीच्या गाडीवरून तयार केलेल्या ३३ स्ट्राडालेचा सांगाडा इटलीतल्या बड्या कारोझेरियांना दिला, आणि १९६८ ते १९७६ या काळात त्यावर सहा वेगवेगळ्या प्रदर्शनी मोटारी उभ्या राहिल्या. व्हीलबेस सर्वांचा २३५० मिलिमीटरच्या आसपास, इंजिन मधोमध, उंची अगदी कमी. त्यामुळे लांबून त्या भावंडांसारख्या दिसतात आणि लोक त्यांची नावे सर्रास अदलाबदल करतात.

दारे कात्रीसारखी वर उघडत असतील आणि मागे आडव्या पट्ट्यांची झापडे असतील, तर ती बेर्तोनेसाठी मार्चेल्लो गांदिनी यांनी आखलेली १९६८ ची काराबो. रंगीत फोटोत तिचा हिरवा रंग आणि टोकांचा नारिंगी रंग लपत नाही. छत आणि काचेभोवतीची चौकट रंगाविना, घासलेल्या धातूची असेल, तर ती १९६९ ची इग्वाना. ती इटालडिझाइनच्या जॉर्जेतो जुजारो यांची आहे, आणि पुढे दलोरियन मोटारीत त्यांनी हाच उघडा धातू वापरला. पाचरीऐवजी गोलसर, वाहत्या रेषांची पिवळी बंद मोटार असेल, तर ती पिनिनफारिनाची १९६९ ची कूपे स्पेसिआले. मागे विमानासारखा मोठा आडवा पंख असेल, तर बेर्तोनेची १९७६ ची नावाहो.

राहिल्या दोन उघड्या मोटारी, आणि खरी कसोटी तिथे आहे. पिनिनफारिनाने १९६८ मध्ये तुरीनला पी-३३ नावाची उघडी मोटार मांडली, आणि १९७१ मध्ये तिच्याच सांगाड्यावर कुनेओ ही धारदार पाचर बांधली. म्हणजे पी-३३ आज अस्तित्वातच नाही, ती फक्त फोटोंत उरली आहे. फोटोतली गाडी पी-३३ निघाली, तर तो १९७१ च्या आधीचाच असणार, हे आपोआप ठरते. मोटारीचा मृत्यू हीसुद्धा एक तारीख असते, आणि ती फार कमी लोक वापरतात. शेव्हरोलेच्या माको शार्क-२ चे १९६९ मध्ये मांटा रे असे रूपांतर झाले, तिथेही हाच नियम लागतो.

आल्फाच्याच तीन बॅट मोटारींचेही असेच आहे. फ्रांको स्काल्योने यांनी बेर्तोनेत आखलेल्या बॅट-५, ७ आणि ९ अनुक्रमे १९५३, १९५४ आणि १९५५ च्या. मागचे पंख आत वळलेले पाहून लोक तिन्हींना एकच समजतात. पंख सर्वांत मोठे आणि सर्वांत जास्त वळलेले असतील तर बॅट-७, आणि पुढे जुलिएतासारखी नेहमीची आल्फाची जाळी बसवलेली असेल तर बॅट-९. इथेही निवाडा विक्रीतल्या गाडीच्या उसन्या भागानेच होतो.

संगणकावरचा शोध

चित्रावरून शोध घेण्यासाठी गुगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआय तिन्ही वापरावेत, कारण प्रत्येकाचा साठा वेगळा आहे. संपूर्ण फोटो टाकण्यापेक्षा त्याचे तुकडे टाकावेत: फक्त मोटार, फक्त मागचा भाग, फक्त चाक. चित्र आरशातल्यासारखे उलटे करून पुन्हा टाकावे. शब्दांनी शोधताना इंग्रजीवर थांबू नये. इटालियन मोटारीसाठी ‘प्रोतोतिपो’, ‘फुओरीसेरिए’ आणि ‘कारोझेरिया’ हे शब्द रोमन लिपीत, शहर आणि सालासह टाकले, की इंग्रजीत कधीच न आलेले फोटो समोर येतात. जपानी मोटारींसाठी प्रदर्शनाचे नाव आणि साल जपानी लिपीत नक्कल करून टाकावे. माझदा आरएक्स-५०० किंवा निसान १२६-एक्स, या दोन्ही १९७० च्या, इंग्रजीपेक्षा जपानी पानांवर अधिक बारकाईने सापडतात.

छापील साहित्य रद्दीत अजून मिळते. जुन्या परदेशी मोटार मासिकांत प्रदर्शनांचे वार्षिक वृत्तांत असतात, आणि त्यांतली मुख्य छायाचित्रे सोडून कोपऱ्यातली टपाल तिकिटाएवढी चित्रे आपल्या कामाची असतात. खेळण्यांकडेही दुर्लक्ष करू नये. लॅम्बोर्गिनी मार्झाल आणि काराबो यांच्या छोट्या धातूच्या प्रतिकृती त्या काळात निघाल्या होत्या, आणि खेळण्याच्या तळाला नाव कोरलेले असते.

खात्री आणि नोंद

नाव सापडल्यावर लगेच जाहीर करू नये. शक्यतो त्याच कोनातला दुसरा, खात्रीचा फोटो शोधून दोन्ही शेजारी ठेवावेत आणि किमान तीन एकमेकांशी संबंध नसलेल्या खुणा जुळतात का, ते पाहावे. उदाहरणार्थ मागचा दिवा, दाराची फट आणि प्रदर्शनाचे छत. तिन्ही जुळल्या तर ‘निश्चित’, दोन जुळल्या तर ‘बहुधा’, एकच असेल तर ‘शक्यता’, असे स्पष्ट लिहावे. एकही खूण विरुद्ध जात असेल, तर ती का जाते याचे कारण सापडेपर्यंत ‘निश्चित’ हा शब्द वापरू नये. कधीकधी ते कारण म्हणजे रंग किंवा चाके बदललेली दुसऱ्या प्रदर्शनातली तीच मोटार असते, आणि मग आपला फोटो नेहमीच्या फोटोंपेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

नोंद फाइलच्या नावात आणि फोटोमागे मऊ पेन्सिलीने, अशी दोन्हीकडे ठेवावी. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो. फोटो स्वतःच्या घरचा नसेल आणि तो प्रसिद्ध करायचा असेल, तर हक्काचा विचार करावा. भारतीय कायद्यानुसार, २०१२ च्या दुरुस्तीपासून, छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो.

एवढे करूनही नाव लागले नाही, तर संग्रहालयांना लिहावे. तुरीनचे राष्ट्रीय मोटार संग्रहालय, आरेसेचे आल्फा रोमिओ संग्रहालय आणि स्टुटगार्टचे मर्सिडीज संग्रहालय यांच्याकडे स्वतःची अभिलेखागारे आहेत. पत्र लांबलचक नसावे. एकच चांगला स्कॅन, फोटोमागच्या मजकुराचा दुसरा स्कॅन, आणि चार ओळी: फोटो कोणाचा, तो माणूस कोणत्या साली कोणत्या शहरात होता, आपण कोणत्या मोटारी तपासून बाद केल्या आणि कोणत्या खुणेवरून. बाद केलेल्या मोटारींची यादी दिली नाही, तर उत्तरात तीच नावे परत येतात. पत्र शक्य झाल्यास त्यांच्या भाषेत पाठवावे, भाषांतराच्या साधनाने केले तरी चालते. प्रदर्शनाच्या मोसमात, म्हणजे मोठ्या संग्रहालयांची धांदल असते तेव्हा, उत्तराला महिनेही लागतात. तोवर मूळ फोटो आम्लविरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि जूनच्या आधी ती पुडी बदलावी.